मागणी कोणाकडे करायची?

२०१४च्या नोव्हेंबरात अफगाण स्त्रियांसाठी ‘प्रमोट’ नावाचा एक कार्यक्रम सुरू झाला. पैसा अमेरिकेच्या ‘यूएसएड’चा, तब्बल २१ कोटी ६० लाख डॉलर. उद्दिष्ट होतं ७५ हजार तरुण स्त्रियांना नेतृत्वाचं, सरकारी नोकरीचं आणि जनवकिलीचं शिक्षण देण्याचं. त्याच सुमारास अफगाण राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी रूला घनी यांनी जाहीरपणे एक धास्ती बोलून दाखवली होती. कंत्राटं, पोटकंत्राटं, कार्यशाळांचा रतीब आणि शेवटी नुसती प्रमाणपत्रांची चळत, असं पुन्हा होऊ नये, असं त्यांचं म्हणणं होतं. चार वर्षांनी अमेरिकेच्याच लेखापरीक्षकांनी हिशेब तपासला. सुमारे ९ कोटी डॉलर खर्च झाले होते आणि या कार्यक्रमामुळे चांगल्या नोकरीवर गेल्या असं कागदोपत्री दाखवता येईल अशा बायका होत्या ५५. यूएसएडला तो निष्कर्ष मान्य नव्हता, पण आकडा जगभर छापून आला.

या आकड्याला हसणं सोपं आहे. स्वयंसेवी क्षेत्रात दोन-चार वर्षं काढलेल्या कुणाही मराठी माणसाला ती कार्यशाळा डोळ्यांपुढे दिसेल. भिंतीवर फ्लिपचार्ट, स्केचपेनं, गटचर्चा, जेवणानंतर पेंग येऊ नये म्हणून घेतलेला खेळ, शेवटी ग्रुप फोटो. तिथे शिकवलं जायचं ते मात्र टाकाऊ नव्हतं. प्रश्न नेमका मांडा, त्याचं मागणीत रूपांतर करा, निर्णय कोणाच्या हातात आहे ते शोधा, त्याच्यावर कोणाचा प्रभाव पडतो ते कागदावर काढा, मग भेटीची वेळ मागा. कागदावरचे सगळे बाण शेवटी एका चौकटीकडे जात. त्या चौकटीत एक ऐकणारा बसलेला आहे, हे प्रशिक्षणाने गृहीत धरलं होतं. तो कोण, आणि त्याने आपलं का ऐकावं, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारला नाही. माझ्या मते राजकीय भान सुरू होतं ते त्या प्रश्नापाशी.

अफगाण बायकांना हे भान परदेशी प्रशिक्षकांनी दिलं, असा एक समज तालिबानही पसरवतात आणि त्यांचे विरोधकही नकळत उचलून धरतात. पण १९६४च्या राज्यघटनेच्या सल्लागार मंडळात कुब्रा नूरझाई आणि मासूमा इस्मती या दोन स्त्रिया होत्या. १९६५च्या निवडणुकीत चार स्त्रिया कनिष्ठ सभागृहात निवडून आल्या. त्यांतल्या तीन काबूलच्या, पण मासूमा इस्मती कंदाहारच्या. हो, त्याच कंदाहारच्या, जिथून आज तालिबानचे प्रमुख फर्मानं काढतात. १९७७मध्ये मीना या तरुणीने ‘रावा’ ही स्त्रियांची संघटना उभी केली आणि १९८७मध्ये क्वेट्टात तिचा खून झाला. तालिबानच्या पहिल्या राजवटीत हेरातमधल्या बायका शिवणकामाच्या वर्गाच्या नावाखाली साहित्य शिकत होत्या, आणि सकीना याकूबी यांची संस्था घराघरांत मुलींच्या चोरट्या शाळा चालवत होती. यांतलं काहीही कुणाच्या वार्षिक उद्दिष्टात बसणारं नव्हतं.

२००१नंतर चित्र पालटलं. २००४च्या घटनेने स्त्री-पुरुषांना समान हक्क दिले आणि कनिष्ठ सभागृहाच्या २४९ जागांपैकी ६८ स्त्रियांसाठी राखल्या. आपल्या संसदेला ते तेव्हा जमलेलं नव्हतं. पण त्याच राज्याच्या सरकारी खर्चाचा जवळपास तीन चतुर्थांश भाग परदेशी अनुदानातून येत होता. ज्याचा पैसा, त्याला हिशेब द्यावा लागतो. मंत्री दात्यांकडे बघत होते, दाते आपापल्या संसदांकडे. मग जनवकिली शिकलेल्या हुशार मुलीही साहजिकच दूतावासांकडे बघायला लागल्या. गावच्या जिरग्यातल्या, म्हणजे पंचायतीतल्या, म्हाताऱ्याला पटवण्यापेक्षा काबूलमधल्या परदेशी अधिकाऱ्याला इंग्रजीत पटवणं लवकर फळ द्यायचं. यात त्या मुलींचा दोष नाही. सत्ता जिथे होती तिथे त्या गेल्या.

याचा कस २०१३मध्ये लागला. स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्धचा कायदा तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष हमीद करझाई यांनी २००९मध्ये वटहुकमाने आणला होता. त्यात बालविवाह, भांडण मिटवण्यासाठी मुलगी देणं, मारहाण, बलात्कार अशी २२ कृत्यं गुन्हा ठरली होती. खासदार फौजिया कुफी यांनी ठरवलं की हा कायदा संसदेकडून मंजूर करून घ्यायचा, कारण उद्याचा राष्ट्राध्यक्ष एका सहीनिशी तो रद्दही करील. चळवळीतल्या अनेक जणींनी त्यांना विनवलं की नको, संसदेत नेलात तर आहे तेही जाईल. कुफींनी नेलाच. पाव तासात सभागृहात असा गदारोळ झाला की अध्यक्षांनी चर्चा गुंडाळली. कायदा वटहुकमाच्याच आधारावर तरंगत राहिला. नुसत्या हिशेबाने पाहिलं तर विरोध करणाऱ्या बरोबर होत्या. तरी कुफींचा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. आपल्या सभागृहाला जो पटवता आला नाही, तो कायदा नक्की कुणाचा? बारा वर्षांच्या प्रशिक्षणांनी या प्रश्नाला हात घातला नव्हता.

एका मोहिमेने मात्र घातला. ती तपशिलात पाहण्यासारखी आहे.

पश्चिम अफगाणिस्तानातली एक बाई तापाने फणफणली आणि डॉक्टरकडे गेली. कोविडचे दिवस. डॉक्टरने औषधं लिहून दिली. घरी आल्यावर नवऱ्याने चिठ्ठी पाहिली, त्यावर बायकोचं नाव दिसलं आणि परक्या पुरुषाला नाव सांगितलं म्हणून तिला मारलं. २०२०मध्ये बीबीसीने ही हकिगत दिली तेव्हा बाहेरच्यांना धक्का बसला, तिथल्यांना नाही. लग्नपत्रिकेवर वधूचं नाव नाही, तिच्या बापाचं. थडग्यावर नाव नाही. मुलाच्या ‘तझकिरा’वर, म्हणजे ओळखपत्रावर, बाप आणि आजा, आई गायब. चारचौघांत बाई म्हणजे थोरल्या मुलाची आई.

हेरातच्या लाला उस्मानी या तरुणीने २०१७मध्ये काही मैत्रिणींबरोबर ‘माझं नाव कुठे आहे?’ असं विचारायला सुरुवात केली. सुरुवातीला ती समाजमाध्यमांवरची चर्चा होती. फरहाद दर्यासारख्या लोकप्रिय गायकाने बायकोचं नाव जाहीरपणे घेतलं, शिव्याही पडल्या. मोहिमेने मग एक शहाणपण केलं. समता, सक्षमीकरण असले मोठे शब्द बाजूला ठेवून लोकसंख्या नोंदणीच्या कायद्यात दुरुस्ती मागितली: ओळखपत्रावर बापाच्या जोडीने आईचंही नाव छापा. विधवेला, घटस्फोटितेला मुलांचे कागद करताना, मुलांना घेऊन प्रवास करताना काय अडतं ते दाखवलं. काबूलच्या खासदार मरियम समा यांनी पाठपुरावा केला. धर्माचा आडोसा घेणं विरोधकांना जड गेलं, कारण खदीजा, आयेशा, फातिमा ही नावं प्रत्येक मुसलमान पोराला पाठ असतात. सप्टेंबर २०२०मध्ये राष्ट्राध्यक्ष अश्रफ घनी यांनी दुरुस्तीवर सही केली. तीन वर्षं, एक मागणी, आणि ऐकणारा देशातला. यात वाद घरोघरी झाला, नवरा-बायकोत, बाप-लेकीत झाला, हे मला सहीपेक्षा मोठं वाटतं. अर्थात जुनी ‘इज्जत’ सहीने संपली नाही, आणि अकरा महिन्यांत ते सरकारच संपलं.

आपणही फार वर बसून बघू नये. ‘आमची मंडळी’ म्हणत बायकोचं नाव टाळणारे आजोबा आपल्याही घरांत होते, आणि सरकारी कागदांवर आईचं नाव बंधनकारक करण्याचा निर्णय महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने घेतला तो मार्च २०२४मध्ये. स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा राखल्या म्हणून सरपंच पती गेले नाहीत. फरक इतकाच की इथे पाच वर्षांनी पुन्हा निवडणूक येते आणि बाई दुसऱ्यांदा उभी राहते.

‘ऐकणारा कोण?’ हा प्रश्न अफगाण तरुणांनीही आपल्या परीने सोडवला. २०१८च्या मार्चमध्ये हेल्मंद प्रांतातल्या लष्करगाहमध्ये स्टेडियमजवळ बॉम्बस्फोट झाला. त्यानंतर काही माणसांनी तिथेच तंबू ठोकला, बायकांनीही वेगळा तंबू टाकला आणि युद्धबंदी मागितली. मग त्यांतले मूठभर लोक काबूलकडे चालत निघाले. सुमारे ७०० किलोमीटर, बरीचशी वाट रमजानच्या उपासात, दर गावात माणसं जोडत. त्यांनी सरकारलाही सुनावलं, तालिबानलाही आणि अमेरिकेलाही. ऐकणारा एकच नाही, हे हेल्मंदच्या त्या माणसांना कुठल्याही हँडबुकाशिवाय कळलं होतं.

नंतर दोहा घडलं. २०२०च्या फेब्रुवारीत अमेरिका आणि तालिबान यांनी कतारमधल्या या शहरात करार केला, तेव्हा अफगाण सरकारच टेबलावर नव्हतं, बायका कुठून असणार? सप्टेंबरात अफगाणांच्या आपापसातल्या वाटाघाटी सुरू झाल्या तेव्हा सरकारच्या २१ जणांच्या पथकात चार स्त्रिया होत्या, समोरच्या बाजूला एकही नाही. १५ ऑगस्ट २०२१ला काबूल पडलं. महिन्याभरात महिला मंत्रालयाच्या इमारतीवर सदाचार मंत्रालयाची पाटी लागली. फ्लिपचार्टवरची ती चौकटच कुणीतरी पुसून टाकली.

त्याच दिवसांत काबूलच्या रस्त्यावर बायका ‘नान, कार, आझादी’ अशा घोषणा देत उतरल्या. भाकरी, काम, स्वातंत्र्य. त्यांच्यात शिक्षिका होत्या, सरकारी कारकून होत्या, विद्यार्थिनी होत्या. अटका झाल्या, रात्री दारं फोडली गेली, तेव्हा निदर्शनं घरात आली: चेहरे झाकून, हातात कागद धरून, व्हिडिओ काढून. २०२४च्या ऑगस्टमध्ये आलेल्या कायद्याने स्त्रीचा आवाजही झाकण्याची गोष्ट ठरवला, तर बायकांनी गाण्याचे व्हिडिओ पाठवले.

इथे एक उलटापालट झाली. बाहेरच्यांशी बाहेरच्यांच्या भाषेत बोलायची जी सवय मी वर दोष म्हणून सांगितली, तीच आता कामाला येते आहे, कारण ऐकणारे उरलेत ते बाहेर. अर्ज कसा लिहायचा, घटना तारखेनिशी कशी नोंदवायची, साक्ष आणि ऐकीव गोष्ट वेगळी कशी ठेवायची, हे ज्या जुन्या कार्यशाळांत शिकवलं गेलं, त्यांचं मोल लेखापरीक्षकांच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात धरणार? ८ जुलै २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने तालिबानचे प्रमुख हैबतुल्ला अखुंदझादा आणि सरन्यायाधीश अब्दुल हकीम हक्कानी यांच्याविरुद्ध लिंगाधारित छळाच्या आरोपावरून अटक वॉरंट काढलं. असं वॉरंट साक्षी-पुराव्यांवाचून निघत नाही. ‘लिंगाधारित वर्णभेद’ हा आंतरराष्ट्रीय गुन्हा माना, ही मागणीही अफगाण आणि इराणी स्त्रियांनीच लावून धरली आहे.

पण ऐकणारे बाहेरचे असले की ते आपल्या सोयीने ऐकतात. २०२४च्या जूनअखेर संयुक्त राष्ट्रांनी दोह्यात तालिबानशी बैठक घेतली ती अफगाण स्त्रियांना वगळून. ऑक्टोबर २०२५मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्तकी दिल्लीत आले. त्यांच्या पत्रकार परिषदेत महिला पत्रकारांना प्रवेश नव्हता. बोंबाबोंब झाली, दोन दिवसांनी दुसरी परिषद झाली आणि पहिल्या रांगेत बायका बसल्या. काबूलमध्ये ज्याला चार वर्षं कुणी अडवू शकलं नाही, तो दिल्लीत दोन दिवसांत नमला, कारण इथे ओरडणाऱ्या बायकांच्या मागे संपादक होते, विरोधी पक्ष होते, उद्याचा पेपर होता.

अफगाण स्त्री-तरुणांसाठी आज प्रशिक्षण घ्यायचं तर ते कसं असावं, हा प्रश्न त्यामुळे अवघड होतो. हजेरीपट आणि फोटो हा पूर्वी निधीचा पुरावा होता, आज तो पोलिसांच्या हाती लागला तर आरोपपत्र होईल. दुसरं दुखणं निर्वासितांचं. बाहेर असलेल्या बोलू शकतात, पण त्यांच्या प्रत्येक कडक विधानाची किंमत आतल्या चुकवतात, आणि तालिबानशी बोलायचं की नाही यावर दोघींचं मत एक असेलच असं नाही. आतल्या एखादीला आधी तिच्या गल्लीतली शिकवणी चालू राहायला हवी असते. कुणाची मागणी खरी, हे जिनिव्हातल्या फॅसिलिटेटरने ठरवू नये इतकंच मी म्हणेन.

एक धागा कायद्याचा आहे. स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्याच्या ‘सीडॉ’ करारावर अफगाणिस्तानने २००३मध्ये मान्यतेची मोहोर उमटवली, एकही अट न घालता. सप्टेंबर २०२४मध्ये ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जर्मनी आणि नेदरलँड्स यांनी त्याच कराराच्या आधारे अफगाणिस्तानला जबाबदार धरण्याची प्रक्रिया सुरू करत असल्याचं जाहीर केलं. आधी वाटाघाटी, मग लवाद, सहा महिन्यांत लवादावर एकमत नाही झालं तर हेगचं आंतरराष्ट्रीय न्यायालय, असा कलम २९चा रस्ता आहे. भारताने १९९३मध्ये या कराराला मान्यता देताना नेमकं या कलमातलं हे बंधन आपल्याला लागू नाही असं नोंदवून ठेवलं होतं, त्यामुळे आपण त्या रस्त्याने जाणाऱ्यांत नसू. रस्ता लांबचा आहे. रोहिंग्यांच्या प्रश्नावर गाम्बियाने म्यानमारविरुद्ध याच न्यायालयात २०१९मध्ये खटला भरला, त्यातल्या नुसत्या प्राथमिक हरकती फेटाळल्या जायला २०२२चा जुलै उजाडला.