टेकडीवर चालायची परवानगी कोणाची?

स्कॉटलंडच्या ईशान्येला, ॲबरडीन शहरापासून गाडीने पाऊण तासाच्या आत, बेनाखी नावाची एक टेकडी आहे. तिचं सगळ्यात उंच टोक ऑक्सन क्रेग, ५२८ मीटर. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. म्हणजे पुण्यात आपण ज्या रस्त्यावर उभं राहून पाणीपुरी खातो, तो या टोकापेक्षा उंच आहे.

स्कॉटिश लोकांना डोंगरांच्या याद्या करण्याचा नाद आहे. ३००० फुटांवरच्या शिखरांना ते 'मन्रो' म्हणतात. सर ह्यू मन्रो यांनी १८९१ मध्ये पहिली यादी छापली. आज तिच्यात २८२ शिखरं आहेत आणि ती सगळी पूर्ण करण्यात लोक अर्धं आयुष्य घालवतात. त्याखाली २५०० फुटांपासूनच्या 'कॉर्बेट' डोंगरांची यादी. बेनाखी या दोन्ही याद्यांत नाही. पण ॲबरडीनच्या आसपासच्या माणसांना डोंगर म्हटलं की पहिल्यांदा हीच आठवते. तिच्या सगळ्यात ठळक टोकाचं नाव 'मिदर टॅप'. तिथल्या बोलीत मिदर म्हणजे आई.

मी ॲबरडीनमध्ये सॉफ्टवेअरचं काम करतो, वर्क व्हिसावर. बेनाखीवर जायला ट्रेकिंगचा अनुभव लागत नाही. बरे बूट आणि वारा अडवणारं जॅकेट पुरतं. खाली पाइन आणि स्प्रूसची लावलेली झाडी, मग झाडी संपून हेदरची झुडपं, मग ग्रॅनाइटचे मोठे खडक. मिदर टॅपच्या माथ्याभोवती पिक्ट लोकांच्या काळातल्या किल्ल्याची दगडी तटबंदी आहे. बऱ्यापैकी पडलेली, पण आत जायची वाट अजून ओळखू येते. गडांवर वाढलेल्या मराठी माणसाला ती लांबूनच कळते. हवा स्वच्छ असेल तर पूर्वेला समुद्र दिसतो.

या सगळ्यात मला सुरुवातीला चमत्कारिक वाटली ती वेगळीच गोष्ट. मला कोणी अडवत नाही. तिकीट नाही, रजिस्टर नाही, 'कुठून आलात' नाही.

यामागे एक कायदा आहे. स्कॉटलंडच्या संसदेने २००३ मध्ये जमीन सुधारणा कायदा केला आणि त्यातला वावराचा हक्क २००५ पासून लागू झाला. त्यानुसार जवळपास सगळ्या जमिनीवर आणि नद्या-तलावांवर कोणालाही जाता येतं, मग जमीन सरकारी असो वा खाजगी. चालत जा, सायकलवर जा, घोड्यावर जा, रात्री तंबू ठोका. गाडी मात्र न्यायची नाही. अपवाद आहेत: घर आणि त्याच्या लगतची खाजगी जागा, शाळेचं आवार, उभं पीक असलेलं शेत. आणि अट एकच, जबाबदारीने वागायचं. इंग्लंडमध्ये असा मोकळा वावर जेमतेम आठ टक्के जमिनीवर आहे.

हा हक्क 'नागरिकांना' दिलेला नाही, 'प्रत्येकाला' दिलेला आहे. दोन वर्षांपूर्वी आलेल्या, भाड्याच्या घरात राहणाऱ्या, भिंतीला खिळा ठोकायचा तरी घरमालकाला ईमेल करणाऱ्या मलासुद्धा.

माझ्या कामात आम्ही नेमकं उलटं शिकतो. सिस्टिम सुरक्षित ठेवायची तर सुरुवात 'सगळ्यांना नाही'पासून करायची आणि ज्याला गरज आहे त्यालाच दार उघडायचं. स्कॉटलंडच्या कायद्याने जमिनीचा डीफॉल्ट बदलला: सगळ्यांना हो, आणि अडवायचं असेल तर अडवणाऱ्याने कारण द्यायचं. हे फुकट मिळालेलं नाही. डोंगरावर जाऊ द्या, असं विधेयक जेम्स ब्राइस या खासदाराने लंडनच्या संसदेत पहिल्यांदा मांडलं ते १८८४ मध्ये. ते पडलं. पुढे ब्राइस ॲबरडीनचेच खासदार झाले, त्यांनी ते पुन्हा पुन्हा मांडलं, पुन्हा पुन्हा पडलं. १८८४ ते २००३ म्हणजे ११९ वर्षं.

इथवर ही गोष्ट सुखाची आहे. पण बेनाखीच्या आग्नेय पायथ्याशी, व्हिजिटर सेंटरपासून थोड्या अंतरावर झाडीत, शेवाळलेल्या दगडी भिंती आहेत. घरांची जोती आहेत, कुंपणाचे बांध आहेत. या जागेला 'कॉलनी' म्हणतात.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेनाखी 'कॉमंटी' होती. म्हणजे एकाच्या मालकीची नसलेली, भोवतालच्या सगळ्यांच्या वापरातली जमीन. लोक तिथून चुलीसाठी पीट खणून आणत, दगड काढत, छपरासाठी हेदर कापत, गुरं चारत. आपल्याकडे गायरान म्हणतात, त्याच्या जवळपासची गोष्ट. ज्यांना खाली जमीन मिळत नव्हती अशी काही कुटुंबं उतारावर येऊन राहिली. दगड वेचून बांध घातले, पाणथळ जमीन कोरडी केली, घरं बांधली, पोरं वाढवली. कोणाला विचारलं नाही, कारण विचारायचं कोणाला हेच ठरलेलं नव्हतं.

१८५९ मध्ये ते ठरलं. कॉमंटी वाटून घ्यायची सोय स्कॉटलंडच्या १६९५ च्या एका कायद्यात होतीच. तिचा आधार घेऊन भोवतालच्या जमीनदारांनी कोर्टामार्फत टेकडी आपापसांत वाटून घेतली. उतारावरची माणसं एका निकालाने आपल्याच घरात भाडेकरू झाली. पुढच्या काही दशकांत भाडं, थकबाकी आणि घराबाहेर काढणं या क्रमाने वस्ती विरत गेली. शेवटचा रहिवासी जॉर्ज एसन १९३९ मध्ये वारला.

आता कोडं असं. मला जी शांतता आवडते, माणूस नाही, गडबड नाही, फक्त वारा, तिच्यातला एक भाग या लोकांना हलवून तयार झालेला आहे. ज्या टेकडीवर राहायचा हक्क त्यांना नाकारला गेला, त्याच टेकडीवर फिरायचा हक्क मला, एका परक्याला, आज कायद्याने आहे. या फिरण्याचा आनंद घेणं नैतिकदृष्ट्या कसं बघायचं?

आधी त्यांचा दावा खरा होता का, ते बघू. मालकी कुठून येते, यावर तत्त्वज्ञ जॉन लॉकने सतराव्या शतकाच्या शेवटी एक उत्तर दिलं, ते अजून आपल्या डोक्यात घट्ट बसलेलं आहे: पडीक निसर्गात माणूस स्वतःचे कष्ट मिसळतो तेव्हा ती गोष्ट त्याची होते, मात्र इतरांसाठी तितकंच आणि तितकंच चांगलं उरलं पाहिजे. या कसोटीवर कॉलनीवाले पास होतात. दगड त्यांनी वेचले, माती त्यांनी केली, आणि टेकडी इतरांना पुरून उरत होती. जमीनदारांनी तिथे घाम गाळला नव्हता.

पण लॉक इथेच थांबत नाही. गावाच्या सामायिक जमिनीबद्दल तो म्हणतो की ती इतर हक्कदारांच्या संमतीशिवाय कोणी कुंपणात घेऊ नये. मग कॉलनीवाल्यांनी तरी बांध घातले ते कोणाच्या संमतीने? हा आक्षेप खरा आहे. पण तोच जमीनदारांनाही लागू होतो, आणि जास्त जोरात. कॉलनीवाल्यांनी उताराचा एक तुकडा घेतला, जमीनदारांनी सगळी टेकडी. कोर्टाने संमती मोजली ती कागद असणाऱ्यांची. पीट आणणाऱ्या, गुरं चारणाऱ्या माणसांची मोजलीच नाही.

हे आपल्याला अनोळखी नाही. महाराष्ट्रात दोन-तीन पिढ्या गायरान कसणाऱ्या माणसाच्या नावापुढे सरकारी कागदात एकच शब्द असतो, अतिक्रमण. त्याच देशात २००६ चा वनहक्क कायदाही आहे. तो म्हणतो की आदिवासी कुटुंब १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून वनजमीन कसत असेल, तर तो त्याचा हक्क, मेहरबानी नव्हे. कसणं हा एका कायद्यात गुन्हा आणि दुसऱ्यात पुरावा. फरक माणसाच्या कष्टात नाही, कोणता कागद आधी उघडला जातो यात आहे.

मग २००३ च्या कायद्याने ही चूक दुरुस्त केली का? माझ्या मते नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर एखाद्या फाइलवर दोन वेगवेगळ्या परवानग्या असतात, वाचायची आणि लिहायची. वावराच्या हक्काने सगळ्यांना टेकडी वाचायची परवानगी दिली. लिहायची, म्हणजे घर बांधायची, पेरायची, इथे काय व्हावं हे ठरवायची परवानगी जिथे होती तिथेच राहिली. स्कॉटलंडमधली निम्मी खाजगी ग्रामीण जमीन आजही पाचशेपेक्षा कमी मालकांकडे आहे. चालणाऱ्याला हक्क देणं मालकाला स्वस्त पडतं, कारण चालणारा संध्याकाळी घरी जातो. कॉलनीवाले घरी जात नव्हते. त्यांचं घर तिथेच होतं.

यावरून कोणी म्हणेल, मग हा हक्क म्हणजे लॉलीपॉप आहे. तेही मला पटत नाही.

एक तर चालणं निव्वळ वाचन नसतं. हजारो बूट त्याच वाटेवरून गेले की पीट उघडी पडते, पाऊस ती धुऊन नेतो, वाट रुंद होते, हेदर मरतं. चालणारा नकळत लिहीतच असतो. म्हणून कायद्याने हक्काला जबाबदारी जोडली: इतरांचा मान राखा, निसर्ग जपा, स्वतःच्या वागण्याचं उत्तर स्वतः द्या. टेकडीवर हे तपासायला कोणी नसतं, आणि तरीही ते बहुतेक वेळा पाळलं जातं. मालक नसला की जागेची वाट लागते, असं आपण ऐकत आलो. बेनाखीवर १९७३ पासून 'बेलीज ऑफ बेनाखी' नावाची स्वयंसेवी संस्था आहे. त्यांची मालकी इंचभर जमिनीवर नाही. ते वाटा नीट करतात, कचरा उचलतात, टेकडीचा इतिहास लिहून ठेवतात. कॉलनीची जोती ॲबरडीन विद्यापीठाच्या संशोधकांबरोबर उकरून अभ्यासली, तीही याच लोकांनी.

दुसरं, ज्या जमिनीवर लोक जाऊ शकत नाहीत तिच्याबद्दल प्रश्नही विचारले जात नाहीत. कुंपण असतं तर ती जोती मला दिसली नसती. 'इथे कोण राहत होतं?' हा प्रश्न पडायला आधी तिथे पाय पडावा लागतो. २००३ च्या त्याच कायद्याच्या दुसऱ्या भागात गावकऱ्यांना आपल्या भागातली जमीन विकायला निघाली तर ती पहिल्यांदा विकत घ्यायची संधी दिली आहे. त्याआधीच १९९३ मध्ये असिंटच्या छोट्या कुळांनी आणि १९९७ मध्ये एग बेटावरच्या लोकांनी आपापली जमीन मालकांकडून विकत घेऊन दाखवली होती. वाचायची परवानगी आणि लिहायची परवानगी एकाच कायद्यात आहेत. फिरायला येणाऱ्यांना पहिली माहीत असते, दुसरी क्वचितच.

आनंद घ्यावा का, याचं माझं उत्तर म्हणून 'हो' आहे. आपल्या न जाण्याने एसन कुटुंबाला काही परत मिळत नाही. पण तो आनंद उधारीचा आहे आणि थोडी फेड आपल्या हातात आहे. ज्या वाटेने जातो ती कोणी, कशासाठी पाडली हे माहीत करून घ्यायचं. रिकाम्या डोंगराला लगेच 'अनटच्ड' म्हणून फोटोखाली लिहायचं नाही. आणि कुठे जमिनीचा वाद चालू असेल, तिथे आपलं फिरणं आणि कोणाचं तरी राहणं यात निवड आली, तर राहणाऱ्याचं म्हणणं आधी ऐकायचं.

ही शेवटची गोष्ट आपल्याकडे जास्त लागू आहे. शहरातले आपण सह्याद्रीत जातो, गडाखालच्या वाडीतल्या कोणाच्या तरी अंगणातून वाट जाते, कोणाच्या तरी भातखाचराच्या बांधावरून. पाणी मागितलं तर मिळतं. चालण्याचा हक्क आपल्याकडे कायद्यात नाही, तो त्या माणसांच्या वागण्यात आहे. उद्या त्याच डोंगरावर रिसॉर्ट आलं, किंवा डोंगर 'जपण्यासाठी' वाडी हलवायची ठरली, तर मोकळा, सुंदर, शांत डोंगर आपल्याला मिळेल. व्ह्यूही कदाचित सुधारेल. तेव्हा आपण कोणाच्या बाजूने बोलणार, हे आत्ताच ठरवून ठेवलेलं बरं.