बेवारस बुद्धी

नेपल्सच्या समुद्रकाठी आंटोन डोर्न या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १८७२ साली जी प्रयोगशाळा स्थापन केली, तिच्या टाक्यांत विसाव्या शतकाच्या मध्यास पीटर ड्यूज या संशोधकाने तीन अष्टपादांची, म्हणजे आज आपण सर्रास ज्यांना ऑक्टोपस म्हणतो त्या प्राण्यांची, एक परीक्षा घेतली. टाकीत एक दांडी बसविलेली होती आणि ती ओढली की मासळीचा तुकडा मिळे, एवढाच परीक्षेचा मजकूर. उंदरांनी व कबुतरांनी असल्या परीक्षा यापूर्वी निमूटपणे दिलेल्या होत्या. आल्बर्ट आणि बर्ट्राम या दोघा उमेदवारांनीही तो शिरस्ता बऱ्यापैकी पाळला. तिसरा चार्ल्स. त्याने आपले काही बाहू टाकीच्या भिंतीला रोवून उरलेल्यांनी दांडीला असे हिसके दिले की ती वाकली आणि अखेर मोडली. वर टांगलेला दिवा पाण्यात ओढून घेण्याचा उद्योग त्याने आरंभिला. आणि परीक्षकाच्या अंगावर पाण्याची पिचकारी मारण्याचा तर त्याने परिपाठच ठेवला. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात ड्यूज यांनी हा वृत्तांत शास्त्रज्ञाला शोभणाऱ्या गांभीर्याने नमूद केला आहे, आणि तो आठवला की मला तरी वाटते, त्या तिघांत परीक्षा म्हणजे काय हे कोणाला उमगले असेल तर ते नापास झालेल्या चार्ल्सलाच.

या प्राण्याच्या बुद्धीविषयी पहिला निवाडा ॲरिस्टॉटलने दिला आणि तो प्रतिकूल होता. पाण्यात हात घातला की हा हाताकडे चालून येतो, सबब मूर्ख, असे त्याचे म्हणणे. निरीक्षण अचूक होते, निष्कर्ष तेवढा उफराटा. कारण अपरिचित वस्तू दिसताच तिच्यापाशी जाऊन ती चाचपून पाहणे याला आपण मुलांच्या बाबतीत जिज्ञासा म्हणतो. ॲरिस्टॉटलचा दोष तरी काय म्हणावा? कुळाकडे पाहून कोणीही हेच म्हटले असते. कालवे, तिसऱ्या आणि गोगलगायी हे याचे सगोत्र. कोकणच्या बाजारात मिळणारी माकूल याची त्यातल्या त्यात जवळची भाऊबंद, आणि वैद्यांच्या बटव्यातला समुद्रफेस हा समुद्राचा फेस नसून अशाच एका भावकीतल्या प्राण्याच्या पाठीतले कवच असते. आपला आणि अष्टपादाचा सामाईक पूर्वज शोधू गेल्यास पन्नास कोटी वर्षांच्याही मागे जावे लागते, आणि तेथे जो भेटतो तो एखाद्या क्षुद्र कृमीहून फारसा निराळा नसावा. तेथून फुटलेल्या दोन वाटांवर बुद्धी स्वतंत्रपणे, एकमेकींची वार्ताही नसताना, उपजली.

आणि उपजली तीही किती निराळ्या बंदोबस्ताने! साध्या अष्टपादाच्या देहात सुमारे पन्नास कोटी चेतापेशी असतात, आणि त्यांपैकी जवळजवळ दोनतृतीयांश मस्तकात नसून आठ बाहूंत वाटलेल्या असतात. आपल्या देहाचा कारभार म्हणजे सारी हुजूरची सत्ता: फर्माने मस्तकातून सुटायची आणि हातापायांनी ती बजावायची. अष्टपादाच्या राज्यात मात्र आठही सुभ्यांना मोठी मुखत्यारी दिलेली असून, हुजुरातून मोघम हुकूम गेला की तपशिलाचा बंदोबस्त सुभ्याने आपल्या अखत्यारीत करावा अशी वहिवाट आहे. बाहूवरील चूषकांना स्पर्श कळतो तशी रुचीही कळते. म्हणजे कपारीत शिरलेला बाहू तेथल्या खेकड्याची चव मस्तकाच्या अगोदर घेतो. जेरुसलेमच्या बेन्यामिन होखनर यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली दाखवून दिले की, मेंदूशी असलेला संबंध तोडल्यावरही बाहूला चेतना दिली असता तो धडधाकट प्राण्याच्या बाहूसारखाच लयीत उलगडत जातो. अशा प्राण्याला ‘मी’ असे काही वाटत असेल, तर ते एकवचन असेल की बहुवचन, हा प्रश्न व्याकरणाचा म्हणून हसण्यावारी नेण्याजोगा मला वाटत नाही.

तथापि मला याहून अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट दुसरीच आहे. बुद्धी का वाढते, याची जी मीमांसा आपण वानर, हत्ती, कावळे आणि स्वतः मनुष्य यांच्यावरून केली, तिच्या मुळाशी कळप आहे, लांबलेले बाल्य आहे, चार पावसाळे अधिक पाहिलेल्या वडीलधाऱ्यांची संगत आहे. आपल्याकडे तर ज्ञान ही घेण्याची आणि देण्याची वस्तू. ती परंपरेने येते, संप्रदायाने टिकते, आणि ज्याला गुरू नाही त्याच्या विद्येकडे आपण संशयानेच पाहतो. अष्टपादाच्या नशिबी यांतले काहीही नाही. त्याचे आयुष्य बहुधा वर्षा-दोन वर्षांचे. नर समागमानंतर फार काळ जगत नाही. मादी लाखाच्या घरात अंडी घालते, ती फुटेतो त्यांच्यावर पहारा देते आणि मरते. तांदळाच्या कणीएवढी पिले प्रवाहाबरोबर वाहत जातात, आणि त्यांतले जे एखादे जगून तळाशी येते, त्याने आईला जाणतेपणी पाहिलेले नसते. शिंपला कसा उघडावा, खेकड्याच्या नांग्या कशा चुकवाव्यात, कोणत्या कपारीत घर करावे, हे सारे त्याने आपल्याच आठ बाहूंनी शोधावयाचे, आणि शोधून झाले न झाले तोच सोडून जावयाचे. त्याच्या मिळकतीचे दप्तर त्याच्याबरोबरच खालसा होते.

यातला दैवदुर्विलास असा की, शिष्यत्वाची पात्रता त्याच्या ठायी असावी असे दिसते. त्याच नेपल्समध्ये ग्रात्सियानो फियोरितो व पिएत्रो स्कोत्तो यांनी एका अष्टपादाला तांबड्या आणि पांढऱ्या चेंडूंतून ठरावीक चेंडू निवडण्यास शिकविले आणि शेजारच्या टाकीतल्या दुसऱ्याला ते नुसते पाहू दिले. पुढे त्या पाहणाऱ्याने बव्हंशी तोच चेंडू निवडला. १९९२ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाल्यावर त्याच्या अन्वयार्थावर वाद झाले, आणि ते होणे योग्यच होते. परंतु पाहून शिकण्याची ही शक्ती खरी असेल, तर निसर्गाने विद्यार्थी घडविला आणि गुरुकुल बांधावयाचे मात्र राहून गेले, असेच म्हणावे लागेल.

मग ही बुद्धी आली कोठून? जाणकारांचे बोट बहुधा कवचाकडे वळते. याचे पूर्वज शंखधारी होते. पुढे ते ओझे गेले आणि दात-नखे नसलेला मऊ मांसाचा गोळा शत्रूंच्या गर्दीत उघडा पडला. ज्याचा वाडा गेला त्याला अकलेवर दिवस काढावे लागतात, हे आपल्याकडील पडत्या काळातील सरदार घराण्यांना सांगावयास नको. २००९ साली ज्युलियन फिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंडोनेशियाच्या समुद्रातील एका जातीविषयी जे लिहिले ते या संदर्भात वाचण्यासारखे आहे. माणसांनी टाकून दिलेल्या नारळाच्या करवंट्या हा प्राणी गाळातून उकरून काढतो, स्वच्छ करतो, एकीत एक बसवून पोटाखाली घेतो आणि बाहू काठ्यांसारखे ताठ करून, दिसावयास हास्यास्पद अशा चालीने, त्या दूरवर वाहून नेतो. वाटेत त्यांचा काडीचा उपयोग नसतो, उलट अडचणच. उपयोग पुढे, दोन करवंट्या मिटून आत बसण्याची वेळ येईल तेव्हा. पूर्वजांनी गमावलेले कवच वंशजाने अशा रीतीने उसने आणले. २०१६ साली न्यूझीलंडमधील नेपियरच्या मत्स्यालयातून सांडपाण्याच्या नळावाटे समुद्र गाठणाऱ्या इंकी नावाच्या अष्टपादाचे वृत्तपत्रांनी कौतुक केले. मला त्या पलायनापेक्षा ही करवंटीची तजवीज अधिक विचार करण्याजोगी वाटते.

इतकी तरतूद करणाऱ्याचे आयुष्य इतके तोकडे का, याचा एक धागा जेरोम वोडिन्स्की यांच्या हाती १९७७ साली लागला. अंड्यांवर बसलेल्या माद्यांच्या डोळ्यांमागील लहानशा ग्रंथी त्यांनी काढून टाकल्या, तेव्हा त्या माद्यांनी अंडी सोडली, पुन्हा खाण्यास आरंभ केला आणि त्या अधिक काळ जगल्या. म्हणजे मरणाचा हुकूम बाहेरून येत नाही, तो घरातूनच सुटतो; आणि त्या हुकमाच्या अमलातही पहारा मात्र ढळत नाही.

कॅलिफोर्नियाच्या माँटेरे घळीत, सुमारे चौदाशे मीटर खोलीवर, अशीच एक मादी २००७ च्या मे महिन्यात संशोधकांना एका उभ्या कातळावर अंड्यांना बिलगून बसलेली आढळली. त्यांचे यंत्र पुनःपुन्हा तेथे उतरले. प्रत्येक खेपेस ती त्याच जागी, उत्तरोत्तर फिकट आणि कृश होत चाललेली, जवळून खेकडे गेले तरी त्यांना न शिवणारी अशी दिसे, आणि अंडी मात्र वाढत असत. त्रेपन्न महिने हा क्रम चालला. २०११ च्या सप्टेंबरात ती होती. ऑक्टोबरात यंत्र उतरले तेव्हा कातळावर अंड्यांची फाटकी, रिकामी वेष्टने तेवढी चिकटलेली होती.