साधेपणा आणि सत्य

अलंकार उतरून ठेवले कीं सत्य आपोआप उघडें पडतें, अशी आपली एक समजूत आहे. भरजरी पोशाखांतील मनुष्याविषयीं आपण साशंक असतों. अंगाला भस्म फांसलेला वैरागी मात्र आपणांस प्रथमदर्शनींच खरा वाटतो. गायनाच्या बाबतींतही आपण हीच समजूत निमूटपणें स्वीकारलेली असते. तिची परीक्षा पाहावयाची तर 'निर्वाणा' या अमेरिकन रॉक वाद्यवृंदाची एक ध्वनिमुद्रिका फार उपयोगी पडेल.

रॉक संगीताचा प्राण विजेवर वाजणाऱ्या गिटारीच्या गर्जनेंत असतो. एम. टी. व्ही. या अमेरिकन दूरचित्रवाणी वाहिनीनें १९८९ सालीं 'अनप्लग्ड' नांवाची कार्यक्रममाला सुरू केली. तींत अशा वृंदांनीं विजेचीं वाद्यें बाजूस ठेवून साध्या लांकडी वाद्यांवर गावें, असा संकेत होता. १८ नोव्हेंबर १९९३ रोजीं न्यूयॉर्क येथें 'निर्वाणा'नें आपला कार्यक्रम सादर केला. पुढील एप्रिलमध्यें त्यांचा गायक कर्ट कोबेन यानें वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं आत्महत्या केली, आणि १९९४ च्या नोव्हेंबरांत ती मुद्रिका प्रसिद्ध झाली. ती ऐकून पुष्कळांस वाटतें कीं, हाच खरा कोबेन. पूर्वीचा कल्लोळ हा केवळ मुखवटा होता.

हें मत मला मान्य होत नाहीं. ज्या साधेपणाची आपण वाखाणणी करतों, तो मुळांत पुरता साधा नव्हताच. कोबेनची लांकडी गिटारही विजेशीं जोडलेली होती. तिचा आवाज वाढविणारें यंत्र मंचावरच दुसऱ्या उपकरणाचें सोंग घेऊन बसलें होतें. शिवाय, त्याच्या आरोळींतील वेदना खोटी होती असें म्हणावयास आधार काय? दुःखानें आक्रोश करणारी माता रात्रीं हळू आवाजांत बोलूं लागली, म्हणून तिचा दिवसाचा आक्रोश कोणी ढोंग ठरवील काय?

मग या मुद्रिकेंत कांहींच विशेष नाहीं काय? निश्चित आहे, परंतु तें गाण्यांच्या निवडींत आहे. तींतील १४ गाण्यांपैकीं ६ दुसऱ्यांचीं आहेत. ज्या गाण्यानें या वृंदास जगभर कीर्ति मिळाली, तें 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' येथें गायिलेंच नाहीं. 'मीट पपेट्स' या त्या मानानें अल्पपरिचित वृंदाचीं तीन गाणीं मात्र घेतलीं, आणि त्या वृंदांतील दोघां भावांस मंचावर आणून साथीला बसविलें. शेवट केला तो लेड बेली या जुन्या कृष्णवर्णीय गायकानें गाजविलेल्या एका लोकगीतानें. हमखास मिळणारी टाळी सोडून देणें आणि आपण ज्यांचे ऋणी आहों त्यांस आपल्या प्रकाशांत उभें करणें, हा त्याग विजेच्या गिटारीच्या त्यागाहून पुष्कळ कठीण आहे. त्या मुद्रिकेची सचोटी मला येथें दिसते.

आणखी एक गोष्ट श्रोत्यांनीं स्वतःस विचारण्यासारखी आहे. कोबेनच्याच इच्छेप्रमाणें त्या दिवशीं मंच लिलीचीं फुलें आणि काळ्या मेणबत्त्या यांनीं सजविला होता. त्यामुळें आज ती मुद्रिका ऐकतांना आपण प्रत्येक स्वरांत त्याच्या मरणाची चाहूल शोधूं लागतों. त्याचा अंत आपणांस ठाऊक आहे. पण गातांना तो जिवंत होता, आपल्या मित्रांसह एक काम नीट पार पाडण्यांत गढलेला होता. त्या कामास केवळ मृत्यूची प्रस्तावना समजणें म्हणजे त्याच्या श्रमांचें मोल नाकारणें होय. साध्या स्वरांत सत्य आयतें सांपडेल ही अपेक्षा जितकी आळशी, तितकीच मृताच्या गाण्यांत भविष्यवाणी ऐकण्याची हौसही आळशीच. गाणें गाणें म्हणून ऐकणें, एवढें तरी आपण त्याचें देणें लागतों.