तक्रार करणारं गिऱ्हाईक

किमची घातलेला टाको खावा की खाऊ नये, यावर आता कुर्डुवाडीतही वाद होऊ शकतो, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. रात्री मोबाइलवर कोरियन मालिका बघणारी मुलं इथंही आहेत. पुण्याला नोकरी करणारी भावंडं सुट्टीत येतात तेव्हा तिथल्या चवींच्या गोष्टी सांगतात. मला खटकतो तो वादाचा उथळपणा. कोरियन आणि मेक्सिकन स्वयंपाक एका घासात आणण्याचा विषय निघाला की तीनच उत्तरं कानावर येतात. एक, ही भेसळ आहे. दोन, ही दुसऱ्याच्या संस्कृतीची चोरी आहे. तीन, सगळंच अन्न मिश्र असतं. मिरची तरी कुठं आपली होती?

पहिल्या दोन उत्तरांवर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. स्वयंपाकाच्या शुद्धतेचा आग्रह आपल्याकडे मुख्यतः कुणाच्या हातचं खायचं नाही हे ठरवण्यासाठी वापरला गेला, त्यामुळे त्याबद्दल मला आदर नाही. आणि चोरीला गेलेली वस्तू मालकाकडे उरत नाही. किमची कोरियात होती तिथंच आहे.

तिसरं उत्तर मात्र सुशिक्षित माणसाचं आहे. ते उदार वाटतं, इतिहासाचा दाखला देतं आणि ऐकणाऱ्याला गप्प करतं. म्हणून त्याचाच समाचार घ्यायला हवा.

त्यातली माहिती खरी आहे. मिरची मूळची मेक्सिको आणि आसपासच्या प्रदेशातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती आपल्या किनाऱ्याला लागली. त्याच शतकाच्या अखेरीस ती कोरियातही पोचली, असं बहुतेक इतिहासकार मानतात. त्याआधीची किमची बिनमिरचीची होती. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा, ज्वारी त्याच्या कितीतरी आधी आफ्रिकेतून आलेली. म्हणजे सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी हे तीन खंडांचं ताट आहे. कबूल. पण यातून निष्पन्न काय होतं? जुनी मिश्रणं चांगली निघाली म्हणून नवं मिश्रणही चांगलंच असणार, हा निष्कर्ष कुठून आला? या न्यायाने जगातला कुठलाही फसलेला पदार्थ निर्दोष ठरेल. शिवाय आपल्याला आज दिसतात ती टिकलेली मिश्रणं. जी कुणी खाल्ली नाहीत, ज्यांनी पोट बिघडवलं, जी एका पिढीत विसरली गेली, त्यांचा दाखला कोण देणार?

मिरचीचा दाखला देणारे आणखी एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. मिरची आली ती एकटी. तिच्याबरोबर मेक्सिकोचा स्वयंपाक आला नाही, पाककृती आली नाही, मेनूकार्ड तर नाहीच. मिरी आणि पिंपळीच्या तिखटाची सवय असलेल्या घरांनी ती आपल्या उखळात घातली आणि आपल्या भाकरीला साजेशी करून घेतली. जिन्नस येणं आणि दोन तयार पदार्थ एकमेकांवर रचणं, या एकाच जातीच्या गोष्टी नाहीत.

आणि जिन्नस एकटा आला की सगळं गोडच होतं असंही नाही. मिरचीचंच उदाहरण का घ्यायचं? मका घ्या. तोही त्याच समुद्रांवरून युरोपात गेला. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात उकळतात, भिजवतात, धुतात आणि मग वाटून त्याच्या पोळ्या करतात. त्या चुन्यामुळे मक्यातलं नायासिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळतं. युरोपात मका पोचला, पण ही रीत पोचली नाही. अठराव्या शतकापासून स्पेनमधल्या आणि उत्तर इटलीतल्या गरीब शेतमजुरांना नायासिनच्या अभावाने होणारा पेलाग्रा हा रोग झाला. त्यांची कातडी सोलली, बुद्धी भ्रमली, माणसं मेली. मका स्वस्त होता, म्हणून तो त्यांच्या वाट्याला आला होता. त्यांना तो मानवत नव्हता, पण त्यांची तक्रार ऐकायला कुणी बांधील नव्हतं. मिरचीचा इतिहास अभिमानाने सांगणाऱ्यांनी मक्याचाही सांगावा.

मग मिश्रण जमलं की नाही, हे ठरतं कशाने? कोरियन-मेक्सिकन प्रकाराचं मूळ गाव बघितलं तर उत्तर सापडतं. ते गाव लॉस एंजेलिस. तिथल्या कोरियाटाउन नावाच्या भागात कोरियन लोकांपेक्षा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेल्यांची वस्ती जास्त आहे. कोरियन खानावळींच्या मुदपाकखान्यात मेक्सिकन माणसं राबत होती, एकमेकांचं खात होती. 2008 च्या नोव्हेंबरात, मंदीने लोकांच्या नोकऱ्या जात असताना, तिथं कोगी नावाची खाद्यगाडी रस्त्यावर आली. सेऊलमध्ये जन्मलेला आणि लॉस एंजेलिस परिसरात वाढलेला रॉय चोई तिचा आचारी. मक्याच्या पोळीत, म्हणजे टॉर्टियात, कोरियन पद्धतीने मुरवून भाजलेलं मांस आणि वर साल्सा, असा तो टाको होता. गाडी कुठं उभी राहणार हे ट्विटरवर कळायचं आणि रांगा लागायच्या. आपल्याकडे या गोष्टीतलं ट्विटर तेवढं लक्षात राहिलं. महत्त्वाची होती ती रांग. रांगेत टॉर्टिया रोज खाणारा उभा होता आणि गोचुजांग ही कोरियन तिखट चटणी रोज खाणारीही. दोघांपैकी कुणीही खिडकीशी येऊन सांगू शकत होतं की हे जमलेलं नाही.

यावर कुणी म्हणेल, मग कोरियन आणि मेक्सिकन माणसं नसतील तिथं हा पदार्थ करूच नये का? मला तसं म्हणायचं नाही. तसं म्हटलं तर आपल्या चौकातली चायनीजची गाडी आजच बंद करावी लागेल. चिकन मांचुरियनचं श्रेय नेल्सन वांग यांना दिलं जातं. कोलकात्याच्या चिनी घराण्यात जन्मलेल्या या माणसाने 1975 मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात तो पदार्थ केला, असं सांगतात. तिथून तो गावोगाव गेला, कोबीचा झाला, भेळेत शिरला. त्या वाटेवर चिनी माणूस कुठंच नव्हता. तरीही तो आपला झाला, कारण खाणारं गिऱ्हाईक रोजचं होतं. संध्याकाळी क्लासवरून सुटलेली तीच मुलं त्याच गाडीवर येतात. रस्सा पातळ झाला, लसूण करपला, सॉस जास्त पडला, हे तोंडावर सांगतात आणि दुसऱ्या दिवशी सुधारलंय का ते बघतात. गाडीवाल्याला ऐकावं लागतं, कारण उद्याही त्याला त्यांनाच विकायचं आहे.

म्हणून खाणारा कुठल्या देशाचा, यापेक्षा तो परत येणार आहे का, हे मला महत्त्वाचं वाटतं. रोजचं गिऱ्हाईक आणि एकदाचं गिऱ्हाईक, एवढाच भेद मी मानतो. कुर्डुवाडीकराला तो समजावून सांगायला नको. बार्शी लाइट रेल्वे 1897 मध्ये सुरू झाली तेव्हा या स्टेशनाचं नाव बार्शी रोड होतं. मुंबई-मद्रासच्या मोठ्या गाडीतून उतरायचं आणि अडीच फुटी रुळांवरच्या छोट्या गाडीत बसून बार्शीला, आणि पुढच्या काळात पंढरपूरला, लातूरला, मिरजेलाही जायचं. असं जंक्शन एकदाच्या गिऱ्हाइकावर चालतं. फलाटावरच्या खाण्याची तक्रार माणसाच्या मनात येईपर्यंत गाडी सुटलेली असते. गावातल्या खानावळीला ही चैन परवडत नाही. एकाच गावात दोन चवी नांदतात, त्या यामुळे.

आज आपल्याकडे येणारा कोरियन-मेक्सिकन पदार्थ बहुतेक फलाटावरचा आहे. खाणारा एकदा येतो, फोटो काढतो, चाखल्याचं समाधान घेतो आणि पुढच्या वेळी दुसरीकडे जातो. सॉस गोड झाला, टॉर्टिया वातड झाली, हे तो बोलत नाही. हा पदार्थ असाच असतो असं समजून गिळतो. इथं बिघाड पदार्थात कमी आणि खाणाऱ्याच्या भिडस्तपणात जास्त आहे. पुणे परिसरात कोरियन कंपन्यांमुळे आलेली कोरियन माणसं राहतात, त्यांच्यासाठी चालणारी उपाहारगृहं आहेत. तिथं निदान अर्ध्या पदार्थाला रोजचा परीक्षक आहे. आपल्याकडे तो आपणच व्हायला हवं.

या संदर्भात मला पांडुरंग खानखोजे आठवतात. 1884 मध्ये वर्ध्यात जन्मलेले, गदर चळवळीतले हे क्रांतिकारक 1924 मध्ये मेक्सिकोला पोचले, चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवू लागले आणि मक्याच्या वाणांवर त्यांनी संशोधन केलं. दिएगो रिव्हेराने भित्तिचित्रात त्यांना भाकरी वाटताना रंगवलं. मक्याच्या मायभूमीत मक्याबद्दल बोलण्याचा अधिकार या मराठी माणसाला मिळाला, तो ‘सगळं जग एकच आहे’ असं म्हणून मिळाला नाही. मका रोज पिकवणाऱ्या आणि रोज खाणाऱ्या शेतकऱ्यांमध्ये जाऊन त्यांनी काम केलं. ते वाण चांगलं की वाईट, हे पहिल्यांदा सांगणार होते ते हेच शेतकरी.

तेव्हा कुर्डुवाडीत उद्या कुणी अशी गाडी लावली तर तिला मिरचीच्या वंशावळीचं प्रमाणपत्र देऊ नका आणि भेसळ म्हणून नाकही मुरडू नका. पैसे मोजून खा. नाही आवडलं तर काय नाही आवडलं ते गाडीवाल्याला तिथंच सांगा, आणि आठ दिवसांनी पुन्हा जा.