पाटीवर नाव नसलेले डॉक्टर

उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात एका नर्सिंग होमच्या बाहेरच्या खोलीत एक गृहस्थ बसतात. बीपी घेतात, फायली लावतात, पेशंटचे नंबर पुकारतात. हजेरीच्या वहीत ते ‘असिस्टंट’ आहेत. पेशंट त्यांना डॉक्टरसाहेब म्हणतात. आमचे मामू साखरेचे जुने रोगी. आत मोठ्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत चिठ्ठी लिहून दिली की मामू बाहेर येतात आणि या गृहस्थांजवळ अर्धा तास बसतात. रोजात गोळी केव्हा घ्यायची, पायाची जखम का भरत नाही, इन्सुलिनची भीती का बाळगू नये, हे सगळे मामूंना कळले ते बाहेरच्या खोलीत. एकदा मामू म्हणाले, “मग तुम्हीच लिहून द्या ना औषध.” त्यांनी हात जोडले. “चाचा, समजावू शकतो. लिहू शकत नाही.”

ते सिंधमधले. लारकान्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेले, तिथे बारा वर्षे दवाखाना चालवलेले. २०१६ साली बायकोमुलांना घेऊन इकडे आले. पदवीचे भेंडोळे अजून ट्रंकेत आहे.

आता उल्हासनगर म्हणजे तरी काय? कल्याणजवळच्या लष्करी बराकींत फाळणीचे निर्वासित आणून ठेवले, त्या छावणीचे ८ ऑगस्ट १९४९ रोजी शहर म्हणून नामकरण झाले. ‘कॅम्प’ हा शब्द मात्र पत्त्यांतून गेला नाही. त्या वेळीही सिंधमधून डॉक्टर आले होते. पण १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता, आणि कराचीच्या कॉलेजांच्या परीक्षा फाळणीपर्यंत मुंबई विद्यापीठच घेत असे. त्यामुळे घरदार, जमीनजुमला सगळे तिकडे सोडून आलेल्या माणसाच्या गाठोड्यातली पदवी तेवढी इकडचीच निघे. आज त्याच कराचीहून, त्याच लारकान्याहून आलेल्या माणसाचा कागद परका ठरतो. विद्या तीच, माणसाचे शरीर तेच. मध्ये एक सरहद्द आली एवढेच.

म्हणून परवाना, नोंदणी, परीक्षा हे सारे ढोंग आहे असे आम्ही म्हणणार नाही. बोगस डॉक्टरचा पहिला बळी कोण असतो, हे आमच्या मोहल्ल्यांना कोणी शिकवायला नको. सलाईन लावली की डॉक्टर हुशार, अशी आमची समजूत. तिच्यावर कितीतरी दुकाने चालली आहेत. आपल्या फिक्हमध्येही वैद्यकी न जाणता उपचार करणारा नुकसानीला जबाबदार धरला आहे. आणि डॉक्टरांची परीक्षा घ्यावी ही कल्पना काही लंडनहून आलेली नाही. इ.स. ९३१ मध्ये बगदादला एका वैद्याच्या चुकीने माणूस दगावला, तेव्हा खलिफा मुक्तदिर यांनी हुकूम काढला की सिनान इब्न साबित यांच्यापुढे परीक्षा दिल्याशिवाय कोणी वैद्यकी करू नये. आठशेच्या वर लोकांना परीक्षेला बसावे लागले. त्यात एक रुबाबदार म्हातारा आला, अशी हकीकत जुने इतिहासकार सांगतात. त्याला नीट लिहितावाचताही येत नव्हते. तो म्हणाला, माझे पोट यावरच आहे. सिनान यांनी त्याला हाकलले नाही. जे कळत नाही त्याला हात लावू नकोस, शीर तोडू नकोस, जुलाबाचे औषध साध्या दुखण्यालाच दे, अशा अटी घालून त्याला परवानगी दिली. त्या दयेबद्दल आमच्या मनात थोडी शंका आहे, कारण तिची किंमत पुढच्या रोग्यानेच मोजली असेल. पण सिनान यांनी विचारले काय, तर तुला काय येते? तू कुठला, केव्हा आलास, हा त्यांचा प्रश्न नव्हता. ते स्वतः हर्रानच्या साबी घराण्यातले होते.

आमचा मुद्दा इथे आहे. ‘तुला काय येते’ हा प्रश्न रोग्याच्या हिताचा आहे. तो कितीही कडक विचारा. ‘तू कोण, कोणत्या तारखेला आलास’ या प्रश्नाने रोग्याचे काय भले होते?

ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने एक सूचना काढली. पाकिस्तानातून छळामुळे आलेल्या अल्पसंख्याक समाजांतल्या डॉक्टरांनी कायम नोंदणीसाठी अर्ज करावेत. निवड झालेल्यांना परीक्षेला बसता येईल. अट अशी की ते ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेले असावेत आणि त्यांना भारताचे नागरिकत्व मिळालेले असावे. ती तारीख वाचताच आम्हाला २०१९ चा नागरिकत्व कायदा आठवला, आणि खरे सांगायचे तर मन कडू झाले. काबूलहून जीव वाचवून आलेला मुसलमान डॉक्टर या दारातून आत येणार नाही, हेच आधी मनात आले. बाहेरच्या खोलीतल्या त्या गृहस्थांचे आता भले होईल, हे नंतर आले. नंतर का आले, याचे उत्तर आमच्यापाशी नाही.

पुढे कळले की ते दार त्यांच्यासाठीही नव्हते. ते आले २०१६ ला. नागरिकत्व नाही म्हणून आयोगाची सूचना लागू नाही, आणि परदेशी पदवीधरांची नेहमीची परीक्षाही नागरिकांसाठीच. आमचा राग ज्या दारावर होता, त्याच दाराबाहेर तेही उभे होते.

आता आमच्या घरातली गोष्ट. अंबरनाथचा आमचा एक भाचा किरगिझस्तानातून डॉक्टर होऊन आला. इथल्या खाजगी कॉलेजची फी झेपणारी नव्हती, म्हणून बदलापूरची जागा विकून त्याला तिकडे पाठवले होते. परत आल्यावर एफएमजीई. ३०० प्रश्न, पास व्हायला १५०. वर्षातून दोनदा होते, आणि दर वेळी निम्म्याहून कितीतरी जास्त मुले नापास होतात. तो तीनदा नापास झाला. तिसऱ्यांदा तर लग्नकार्यात येणेच त्याने सोडले, कारण प्रत्येक जण विचारी, “काय डॉक्टर, दवाखाना कधी?” जमातीत डॉक्टर कमी नाहीत. सगळ्यांनी त्याला धीर दिला, ‘मेहनत कर’ असे सांगितले, एकाने क्लासचा पत्ता दिला. जवळ बसवून तुझे अडते कुठे, असे कोणी विचारले नाही. वडीलधाऱ्यांची दुआ फुकट मिळते. वेळ मिळत नाही.

मामूच त्याला एक दिवस चार नंबरला घेऊन गेले. उल्हासनगर ते अंबरनाथ, एका स्टेशनचे अंतर. डॉक्टरसाहेबांनी तासाभरात ओळखले की पोराला पाठांतर आहे, पण रोगी समोर आणला की सुचत नाही. तिकडे शिकताना रोग्यांची भाषाच त्याला कळत नव्हती, तर बोलणार काय? मग वर्षभर रोज रात्री नऊनंतर शिकवणी चालली. परीक्षा देण्याचा हक्क नसलेला माणूस परीक्षेसाठी शिकवत होता. पैसे घेतले नाहीत. ईदला मामूंनी मिठाईबरोबर पाकीट नेले, तर मिठाई तेवढी ठेवून घेतली.

भाचा चौथ्या खेपेला पास झाला. आता वर्षभराची इंटर्नशिप चालू आहे.

इंग्लंडमध्ये निर्वासित डॉक्टरांना परीक्षेच्या तयारीला, भाषेला आणि रुग्णालयात अनुभव घेण्याला मदत करणाऱ्या संस्था आहेत; सॅलफर्डची ‘रीच’ त्यांतली एक. परीक्षा तिथे सैल केलेली नाही, परीक्षेपर्यंतची वाट चालण्याजोगी केली आहे. आपल्याकडे अंबरनाथला २०२४ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, शंभर जागांचे. तिथल्या एखाद्या वॉर्डात असा माणूस वरिष्ठांच्या नजरेखाली वर्षभर उभा राहिला, मग त्याची हवी तेवढी कडक परीक्षा घेतली, तर कोणाचे काय बिघडेल? त्यासाठी नियम बदलावा लागेल, आणि नियम बदला म्हणणारा आवाज त्याच्या बाजूने आमचाही हवा. काबूलच्या डॉक्टरसाठी आम्ही जो न्याय मागतो, तो लारकान्याच्या डॉक्टरसाठी मागताना आमची जीभ जड होत असेल, तर आम्ही मागत होतो तो न्याय नव्हताच.

भाचा रविवारी अजून तिकडे जातो. आठवड्यात पाहिलेले पेशंट सांगतो, डॉक्टरसाहेब खोदून खोदून विचारतात. पोट दाबून पाहिलेस का? जीभ पाहिलीस का? सिंधमध्ये हिंदू डॉक्टर-व्यापाऱ्यांना खंडणीसाठी उचलून नेतात, हे आम्ही वर्तमानपत्रांत वाचले आहे. त्यांच्यावर काय गुजरले, ते आमच्यासमोर त्यांनी कधी काढले नाही. आम्हीही अजून विचारलेले नाही.