रेकॉर्डीच्या शेवटी घेतलेलं नाव

मी जुन्या रेकॉर्डी जमवते आणि त्यांच्यावर गाणारी माणसं कोण होती ते शोधते. बीड-परळी रस्त्यावरच्या आमच्या वडवणीत या कामाला कुणी काम म्हणत नाही. दिवाळीच्या तोंडावर अर्धा तालुका ऊसतोडीला निघतो, मागं म्हातारी माणसं आणि पोरं राहतात. अशा ठिकाणी मेलेल्या गाणारणींची नावं हुडकत बसलेली बाई लोकांना नवलाची वाटते. वाटू दे.

आबांचा लाऊडस्पीकरचा सेट होता. लग्न, जावळ, जत्रा, निवडणूक, सप्ताह, काहीही असलं की लिंबाच्या फांदीला कर्णा बांधायचा, बॅटरीवर मशीन लावायचं आणि पेटीतून एकेक रेकॉर्ड काढून वाजवायची. लाखेची, मिनिटाला 78 फेरे घेणारी, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं. लाख म्हणजे झाडावरच्या किड्यांनी केलेला राळेसारखा पदार्थ. साऱ्या जगाच्या रेकॉर्डींना तो बहुतेक आपल्याच देशातून जायचा. आबा गेल्यावर पेट्या माझ्याकडं आल्या, कारण भावाला दुकानात जागा हवी होती. निम्म्या रेकॉर्डींची लेबलं उंदरांनी आणि वाळवीनं खाल्लेली. आवाज ठणठणीत, नाव मात्र गेलेलं. तिथून हा शोध लागला मागं.

लेबल गेलं तरी सगळं संपत नाही. गाण्याच्या रेघा जिथं थांबतात त्याच्या आत, लेबलाच्या कडेला, कोऱ्या पट्टीवर एक आकडा कोरलेला असतो. दिव्यापुढं तिरकी धरली की तो दिसतो. तो आकडा कंपनीच्या जुन्या सूचिपत्रात सापडला तर गाणं कधी आणि कुणाचं भरलं ते कळतं. ही विद्या मला मुंबईच्या लोकांकडून मिळाली. 1990 साली तिथं सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स स्थापन झाली. पेशानं भौतिकशास्त्राचे संशोधक असलेले सुरेश चांदवणकर तिचं काम वर्षानुवर्षं पाहत आले. ऑस्ट्रेलियाच्या मायकेल किनियर यांनी तर आपल्या देशातल्या पहिल्यावहिल्या रेकॉर्डींची आकड्यांसकट यादी करून पुस्तक काढलं. परक्या देशातल्या माणसानं आपल्या गाणारणींची नावं एकेक करून मांडून ठेवावीत, याचं मला फार वाटतं.

तर एकदा सप्ताहात आमच्याकडं ज्ञानेश्वरी सांगायला येणाऱ्या बाबांनी मला विचारलं, "माय, नामरूप तर नाशवंत. आवाज ऐकायला मिळायलाय, तेवढं पुरे की. नाव हुडकून तिच्या आत्म्याला काय मिळायचं, अन् तुला काय मिळायचं?" बाबा टवाळी करणारे नाहीत, त्यांनी मनापासून विचारलं. मीही तो प्रश्न मनापासूनच घेतला. तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

बाबांची बाजू हलकी नाही. इथून अंबाजोगाई जवळ. तिथं मुकुंदराजांची समाधी आहे. विवेकसिंधु शके 1110 चा, म्हणजे सन 1188 चा. मराठीतला हा आद्य ग्रंथ अद्वैतच सांगतो. त्याच्याही कितीतरी आधी छांदोग्य उपनिषदात उद्दालक श्वेतकेतूला सांगतो की मातीची भांडी कितीही घडवा, खरी ती मातीच, भांड्यांची नावं म्हणजे नुसतं बोलणं. मग सूर खरा धरावा आणि गाणारी बाई ही त्या सुराची एक घडण मानावी, हे ओघानंच आलं.

आणि तसं जगलेले लोक आपल्याकडं होऊन गेलेत. भास्करबुवा बखले 1922 साली गेले. यंत्र देशात येऊन तोवर वीस वर्षं झाली होती, पण त्यांचा आवाज कुठल्याच रेकॉर्डीवर नाही. अल्लादिया खाँसाहेब तर 1946 पर्यंत होते. त्यांचीही रेकॉर्ड नाही. पण भास्करबुवांचं गाणं बालगंधर्वांत, मास्टर कृष्णरावांत उतरलं आणि खाँसाहेबांचं केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्यात. त्यांनी यंत्रात ठेवलं नाही ते माणसांत ठेवलं. भाऊराव कोल्हटकरांची गोष्ट निराळी. ते 1901 साली गेले आणि रेकॉर्ड भरणारे साहेब कलकत्त्याला उतरले 1902 च्या शेवटी. ज्या आवाजासाठी लोक गाडीबैल जुंपून नाटकाला यायचे तो एवढ्याशा अंतरानं हातचा गेला.

त्या 1902 च्या नोव्हेंबरात गौहरजान गायली. गाणं संपल्यावर ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते. बोलणं उंच आणि ठसक्यातलं, गाणं झाल्याच्या आनंदातलं. सोलापूरची मेहबूबजानही अशीच गावासकट नाव घ्यायची. याचं कारण अगदी साधं होतं. रेकॉर्डी छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, तिथल्या कामगारांना आपली भाषा कळायची नाही, मग कुठल्या गाण्यावर कुणाचं लेबल चिकटवायचं हे त्यांना कळावं म्हणून शेवटी नाव बोलायचं. सोय म्हणून सुरू झालेली ही गोष्ट. पण मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला हॅनोव्हर आठवलं नाही, अभंग आठवला. आपल्या संतांनी शेवटच्या चरणात नाव घातलं ते काय म्हणून? नामदेव, तुकोबा, चोखोबा, सेना न्हावी, सगळे शेवटी नाव सांगतात. अहंकार गळालेली ही माणसं. तरी विठ्ठलापुढं उभं राहून, हे मी बोललो, याचा जाब मला विचार, असं सांगायला ती लाजली नाहीत. गंगाखेडची जनाबाई दळणकांडण करणारी दासी. तिनं नाव घातलं नसतं तर तिचे अभंग कधीच दुसऱ्या कुणाच्या नावावर गेले असते.

मग मला याहून जुना दाखला सापडला, आणि बाबांना मी तोच सांगितला. वेद अपौरुषेय म्हणतात, म्हणजे माणसानं रचलेलेच नाहीत. असं असूनही प्रत्येक सूक्ताला ऋषी आहे. जप करण्याआधी ऋषी, छंद, देवता यांचा उच्चार करायचा असतो. गायत्री म्हणायची तर आधी विश्वामित्राचं नाव. त्या यादीत बायकाही आहेत, लोपामुद्रा, घोषा, अपाला, विश्ववारा. कर्ता नाही असं जिथं ठामपणे मानलं, तिथंसुद्धा ज्याला ते दिसलं त्याचं नाव गाळायची कुणाची छाती झाली नाही. नाव घेतल्यानं ऋषीला काही मिळत नाही, बाबा. म्हणणाऱ्यावर ऋण असतं, ते तो मान्य करतो. लोपामुद्रेला हा न्याय आहे तर सोलापूरच्या मेहबूबजानला का नाही?

बाबा म्हणाले, "ते मंत्र होते. ही तर ठुमऱ्या-लावण्या गाणारी." मला वाटतं खरी अडचण इथंच आहे. वेदान्त नुसता वर झाकायला घेतलेला असतो.

नाव नसणं दोन तऱ्हांचं असतं. एकानं स्वतः सोडलेलं आणि एकाकडून काढून घेतलेलं. संन्यासी स्वतःचं श्राद्ध करून जुनं नाव टाकतो, ते त्याचं त्यानं टाकलेलं असतं. गाणाऱ्या बायकांनी कधी टाकलं? त्या तर कर्ण्यात तोंड घालून ओरडून सांगत होत्या. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर सरदार पटेलांकडं नभोवाणी खातं असताना रेडिओनं ठरवलं की जिचं खाजगी आयुष्य लोकांच्या तोंडी झालं आहे अशा बाईला गायला बोलवायचं नाही. ज्यांच्या गळ्यावर रेडिओनं सुरुवातीची वर्षं काढली त्यांनाच दार बंद झालं. कुणी नावापुढं देवी लावलं, कुणी गाणंच सोडलं. चालीरीतींची काळजी पुरुषांना असते, आणि तिची किंमत बायका भरतात.

एकच प्याला हे नाटक 1919 चं. त्यातली सिंधूची पदं बालगंधर्वांची म्हणून घराघरांत गायली गेली, तशी ती आहेतच. पण त्यांतल्या अनेक पदांच्या चाली सुंदराबाई जाधवांकडून आल्या, हे किती जणांना माहीत आहे? त्याच सुंदराबाई पुढं 1939 च्या माणूस चित्रपटात हवालदार गणपतच्या आईच्या भूमिकेत दिसल्या. आबांच्या पेटीत त्यांची एक रेकॉर्ड होती. आई ती ऐकताना हातातलं काम थांबवायची.

आईची गोष्ट सांगते. तिला दोन नावं होती. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं सासरचं नाव लिहिलं, त्या दिवसापासून माहेरचं नाव फक्त माहेरी उरलं. जात्यावर तिच्या ओव्या निघायच्या त्यांत भाऊ असायचा, लेक असायची, पंढरी असायची, स्वतःचं नाव कधीच नसायचं. जनाबाईनंतर दळणाऱ्या बायकांनी जणू नाममुद्रा घालणंच सोडून दिलं. त्या ओव्या आईबरोबर गेल्या.

सगळ्याच गेल्या नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी हजाराहून जास्त गावांतून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. पुढं बर्नार्ड बेल हा फ्रेंच इंजिनिअर ध्वनिमुद्रणासाठी त्यांना मिळाला. 1996 साली ही मंडळी आमच्या शेजारच्या माजलगावला, भीमनगरात आली. तिथल्या बायकांनी जात्यावर बाबासाहेबांच्या, बुद्धाच्या ओव्या गायल्या. ज्यांना देवळाच्या पायरीवर चढू दिलं नाही त्या बायकांनी जात्यालाच देऊळ केलं, आणि त्यात ज्यानं आपल्याला माणूस म्हटलं त्याचं नाव घातलं. 2017 पासून या ओव्या पारीवर ऐकायला मिळतात, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियावर. माझ्या लेखी सगळ्यात मोठी गोष्ट ही की ओवीखाली गाणाऱ्या बाईचं नाव आहे, गाव आहे. पारीची माणसं वीसएक वर्षांनी त्या बायकांना शोधत परत माजलगावला आली. गोळा करून नेणारे पुष्कळ असतात. परत येऊन, ती कुठं आहे, कशी आहे, असं विचारणारे थोडे. मी या कामाला पूजा म्हणते आणि त्यात काही जास्त बोलले असं मला वाटत नाही.

आता माझ्याच पेटीतली एक रेकॉर्ड. मुंबईत वडाळ्याला नॅशनल ग्रामोफोन म्हणून कारखाना होता, त्यांचा छाप यंग इंडिया, 1935 नंतरचा. एका बाजूला भजन, दुसरीकडं लावणी. लेबल अर्धं खाल्लेलं. आकडा वाचला, मुंबईच्या एका संग्राहकानं सूचिपत्राचं पान पाठवलं, परळीच्या एका म्हाताऱ्या पेटीवाल्यानं आवाज ऐकताक्षणी डोळे मिटून गाव सांगितलं. शेवटी मी तिच्या नातवाच्या दारात जाऊन पोचले. साठीचा, नीटनेटका, गावात मान असलेला माणूस. चहा झाला. रेकॉर्डीचं नाव काढताच त्यानं उठून आतलं दार लावलं. "ताई, आवाज द्या मला. पण आजीचं नाव कुठं छापू नका. पोरीचं जमवायचंय."

छांदोग्यातच, उद्दालकाच्या दोन अध्याय आधी, सत्यकामाची गोष्ट आहे. गोत्र काय सांगू, असं त्यानं आईला विचारलं. आई म्हणाली, मी पुष्कळ घरी राबले, तुझा बाप कोण ते मला ठाऊक नाही. माझं नाव जबाला, तुझं सत्यकाम, तू सत्यकाम जाबाल म्हणून सांग. त्यानं तसंच सांगितलं आणि गुरूनं त्याला जवळ केलं. हे नुसतं पोथीतलं नाही. अब्दुल करीम खाँसाहेब आणि ताराबाई माने यांची मुलं आईबरोबर बाहेर पडली आणि थोरला मुलगा आईच्या आडनावानं सुरेशबाबू माने झाला. हिराबाईंनी गावाचं नाव लावलं, बडोदेकर. त्या नावांनी कुणाची मान खाली गेली नाही, उलट साऱ्या महाराष्ट्रानं ती अदबीनं घेतली. हे सगळं मी त्या नातवाला सांगू शकले असते. सांगितलं नाही. जबालेनं स्वतःचं नाव स्वतः दिलं होतं. दुसऱ्याच्या लेकीच्या सोयरिकीवर माझा धीटपणा कसा खर्च करू?

पण एक गोष्ट मला त्या घरात कळली. आवाज पुरे, नाव नको, हे बाबाही म्हणाले होते आणि हा नातूही तेच म्हणत होता. शब्द तेच. बाबा मुक्तीतून बोलत होते, हा भीतीतून. आणि मला भीती याची वाटते की आपल्याकडं ही भीतीच कितीदा मुक्तीचे कपडे घालून बसलेली असते, आणि आपण तिला नमस्कार करतो.

मी त्याला शब्द दिला की छापणार नाही. खोडेन असा शब्द दिला नाही. माझ्या वहीत आकडा आहे, साल आहे, तिचं नाव आहे, गाव आहे. माझ्यामागं वही कुणाकडं जायची तेही मी लिहून ठेवलंय. पेनड्राइव्हवर दोन्ही बाजू घालून त्याला दिल्या. तो म्हणाला, भजन ऐकवीन घरात, लावणी नाही. मी म्हटलं, दोन्ही तिच्याच आहेत. निघताना उंबऱ्यावर मी एवढंच म्हणाले की लेकीला पणजीचं नाव माझ्याकडून कळणार नाही, ते तुम्हीच सांगायचं. त्यानं रस्त्याकडं पाहिलं.

"लग्न होऊ द्या," तो म्हणाला. "मग बघू."