आजचे चिंतन : माशाचं भांडं
श्रीमद्भागवत, स्कंध ८ वा, अध्याय २४ वा



आजच्या वाचनात मत्स्यावताराची कथा आली. कथा आपल्या सगळ्यांच्या ओळखीची, पण काही गोष्टी वाचता वाचता निसटतात, म्हणून थोडक्यात सांगते.

राजा सत्यव्रत कृतमाला नदीवर तर्पण करत होता. ओंजळीत एक चिमुकला मासा आला. राजाने त्याला पाण्यासकट परत नदीत सोडलं. तेव्हा मासा म्हणाला, इथे मोठे मासे मला खातील, मला सोडू नकोस. राजाला दया आली. त्याने त्याला कलशात घेतलं आणि आश्रमात आणलं. एका रात्रीत कलश अपुरा पडला. मग मोठं भांडं, मग सरोवर, मग त्याहून मोठे डोह. दर वेळी मासा म्हणायचा, इथे मला पुरत नाही, आणि दर वेळी राजा त्याला हलवायचा. शेवटी समुद्र आला.

ही कथा आज जरा वेगळ्या कारणाने मनात घोळते आहे. माझ्या भाच्याने नुकताच घरातला समुद्री माशांचा टँक हलवला. आधी तो सांगलीत सखल भागात राहायचा. २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिल्यावर त्याने इकडे कुपवाडला घर घेतलं, आणि जुन्या तीन फुटी टँकच्या जागी सहा फुटी टँक बसवला. तो बघायला आमच्या हरिपाठाच्या बायका आल्या होत्या. त्यातल्या एकीने सरळच विचारलं, "अहो, समुद्रातला जीव काचेत कोंडायचा आणि त्याच घरात भागवत वाचायचं, हे बरं दिसतं का?"

प्रश्न खोचक वाटला तरी खरा आहे. उत्तर भागवतातच शोधावं असं वाटलं.

पहिली गोष्ट म्हणजे सत्यव्रताने मासा पकडला नव्हता. हातात आलेला त्याने सोडून दिला होता, आणि माशाने मागितल्यावरच आश्रय दिला. आपल्या घरातल्या माशाने काहीच मागितलेलं नसतं. आपण दुकानात जातो, रंग बघतो, पैसे देतो. म्हणजे सुरुवात दयेची नाही, हौसेची आहे. "देवानेही माशाचं रूप घेतलं होतं" असं म्हणून मत्स्यावतार या हौसेच्या समर्थनाला लावता येणार नाही. एवढं आधी कबूल केलं पाहिजे.

भाच्याकडे दोन क्लाउनफिश आहेत आणि एक निळा टँग. क्लाउनफिशची पैदास आता माणसाच्या देखरेखीखाली होते. आपल्या महाराष्ट्रातही ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानने त्यांचं प्रजनन केंद्र उभं केलं आहे. टँगचं तसं नाही. बाजारात येणारे निळे टँग बहुतेक समुद्रातून पकडलेलेच असतात. आला तेव्हा हा दोन बोटांएवढा होता. पूर्ण वाढला की जवळजवळ फूटभर होतो, आणि दिवसभर सरळ लांब पोहत राहणं हा त्याचा स्वभाव. तीन फुटांत तो वळून वळून काचेवर यायला लागला.

दुसरी गोष्ट इथे येते. सत्यव्रताने माशाला एकदाही "आता वाढू नकोस" असं म्हटलं नाही. आपल्याकडे मात्र सर्रास सांगतात की मासा टाकीच्या मापानेच वाढतो. तसं नसतं. लहान टाकीत तो खुंटतो, आजारी पडतो आणि लवकर मरतो. आपण त्याला "मावला" म्हणतो. भांडं आपल्या घराच्या सोयीने ठरवायचं की त्यातल्या जिवाच्या गरजेने, इथे हौस आणि आश्रय यांच्या वाटा वेगळ्या होतात.

सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच म्हणजे सुमारे ६८० लिटर पाणी. नुसत्या खाऱ्या पाण्याचं वजन सातशे किलोच्या आसपास. काच, दगड, स्टँड धरलं तर टनाच्या घरात जातं, म्हणून टँक तळमजल्यावर, फरशीची पातळी तपासून बसवला. लिटरला साधारण ३५ ग्रॅम या हिशोबाने चोवीस किलो मीठ लागलं, आणि ते आपलं स्वयंपाकाचं मीठ नव्हे, समुद्राचे सगळे क्षार असलेलं. सांगलीच्या उन्हाळ्यात पाणी २५-२६ अंशांवर राखायचं म्हणून चिलर. वीज गेली तर बॅटरीवरचा हवेचा पंप.

पण सगळ्यात जास्त काळजी घेतली ती डोळ्यांना न दिसणाऱ्यांची. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, तो त्यांनाच विषारी असतो. दगडांवर वसलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. दगड सुकले की हे जिवाणू मरतात, म्हणून दगड खाऱ्या पाण्यात बुडवूनच टेम्पोतून आणले. जुनी वाळू मात्र आणली नाही, कारण तिच्या तळाशी साठलेलं ढवळलं गेलं तर मासे दगावतात. आधी काही दगड नव्या टँकमध्ये ठेवले आणि पाच आठवडे वाट पाहिली. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, तेव्हाच मासे हलवले. तेही एकदम ओतले नाहीत. बादलीत नव्या पाण्याचे थेंब थेंब सोडत तासभर त्यांना सवय करून दिली. पाच आठवडे नुसतं पाणी आणि दगड बघून शेजारीपाजारी हसत होते.

आमच्या मैत्रिणीने आणखी एक विचारलं, "यात पोवळी का नाहीत?" पोवळं म्हणजे प्रवाळ, आणि प्रवाळ हा दगड नव्हे, झाडही नव्हे. असंख्य बारीक प्राण्यांची ती वसाहत असते, आणि मंगळासाठी अंगठीत घालतो ते लाल पोवळं म्हणजे तशाच प्राण्यांचा सांगाडा. समुद्रात भिंती बांधणारं कठीण प्रवाळ आपल्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून आहे, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच त्याला. मालवणच्या समुद्रात ही प्रवाळं आहेत, तिथे १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झालं. मुंबईत किनारी रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळं निघाली, तेव्हा २०२० मध्ये वनखात्याची परवानगी घेऊन, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मदतीने ती उचलून दुसरीकडे बसवावी लागली. भाच्याने तसलं प्रवाळ घरात आणलेलंच नाही. दिसायला टँक थोडा रिकामा वाटतो. मला तो रिकामेपणा आवडला. घेता येत असूनही न घेतलेली वस्तू घरात शोभते.

पाण्याचा प्रश्न मात्र मला अजून टोचतो. आरओ यंत्रातून एक लिटर शुद्ध पाणी मिळवताना त्याहून जास्त पाणी बाहेर टाकलं जातं. एप्रिल २०१६ मध्ये आपल्या मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली होती, पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर. जत, आटपाडीच्या लोकांना टँकर नवा नाही. अशा जिल्ह्यात गोडं पाणी मुद्दाम खारं करायचं! भाचा ते टाकाऊ पाणी पिंपात धरतो, फरशी आणि गाडी धुवायला वापरतो. ते बरंच आहे, पण त्याने प्रश्न संपत नाही, आणि संपला असं मी इथे लिहिणार नाही.

मग सोडून द्यावेत का हे मासे समुद्रात? कथेतली तिसरी गोष्ट मला इथे फार मोलाची वाटते. राजा समुद्राशी पोचला आणि माशाला सोडायला लागला, तेव्हा मासा म्हणाला, इथे बलवान मगरी मला खातील, इथे सोडू नकोस. म्हणजे एकदा जबाबदारी घेतली की "जा, आता तू मोकळा" असं म्हणून ती संपत नाही. परक्या समुद्रातून आलेला, आयत्या खाण्यावर वाढलेला मासा रत्नागिरीच्या किनाऱ्यावर सोडणं ही दया नाही. तो तरी मरेल, नाहीतर तिथल्या जिवांना रोग देईल. घरच्या टाक्यांतून सोडलेल्या सकर माशाने आपल्या नद्या-तलावांत काय केलं ते मच्छीमारांना विचारा.

म्हणून मैत्रिणीला मी जे उत्तर दिलं ते असं : समुद्रातून पकडलेला नवा जीव केवळ हौसेसाठी घरात आणू नये. पण जो आलाच आहे त्याला टाकू नये, आणि त्याला आपल्या सोयीच्या भांड्यात दाबूनही ठेवू नये. क्लाउनफिश नीट सांभाळले तर वीस वर्षांहून जास्त जगल्याची उदाहरणं आहेत. घेताना वीस वर्षांचा संकल्प करता येतो का, एवढं स्वतःला विचारावं. नसेल तर लांबूनच नमस्कार करावा.

मला वाटतं हे माशांपुरतं नाही. गावाकडची म्हातारी माणसं मुलांच्या फ्लॅटमध्ये आणतात, खोली चांगली देतात, औषधं वेळेवर देतात, तरी ती सुकतात. त्यांचे ओले दगड कुणी आणलेले नसतात : शेजारीण, काकड आरती, पारावरच्या गप्पा. आणि सवय व्हायला पाच आठवडे तर सोडाच, पाच दिवसही कुणी देत नाही.

कथेत शेवटी प्रलय येतो. नाव येते, वासुकीचा दोर होतो, आणि राजाची नाव तोच मासा आपल्या शिंगाला बांधून ओढतो. राजाने त्याला कलशात घेतलं तेव्हा हा देव आहे हे त्याला माहीत नव्हतं. त्याला फक्त एक घाबरलेला लहान जीव दिसला होता.

आज एवढंच करूया. आपल्या आधाराने जगणारा जो कुणी घरात आहे, मासा, गाय, आई किंवा मूल, त्याला दिलेली जागा त्याला पुरते का, हे एकदा त्याच्या बाजूने पाहूया.

रामकृष्ण हरी.